मोकाट कोंबडीची उचलून आणलेली पिल्लं मान टाकतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आमच्या कोकणात गावाबाहेरच्या वाड्यांमधून मोकाट कोंबड्या बऱ्याच दिसतात. काही देवाला सोडलेल्या, काही मुंबईला गेलेल्यांच्या बंद घरामागे राहिलेल्या. त्या खुराड्यात येत नाहीत, रात्री आंब्याफणसावर बसतात आणि करवंदीच्या जाळीत अंडी उबवतात. एखाद्या दिवशी मुंगूस किंवा कुत्रा आईला नेतो आणि पिल्लं गडग्याच्या कडेने ओरडत फिरतात. कोणाला तरी दया येते आणि तो ती घरी आणतो. त्याने आजवर कोंबडी पाळलेली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन येतो: काल चांगली पळत होती, आज मान टाकली, कुठलं औषध देऊ?

अशी पिल्लं सावरण्याचं काम मी अनेक वर्षं करतो आहे. पहिल्या आठवड्यात दगावणारी बहुतेक अनाथ पिल्लं गारठून, तहानेने किंवा मागची जागा बंद झाल्याने जातात. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी आणि जवळजवळ फुकटात सुधारता येतात. म्हणून औषधाचा प्रश्न शेवटी येतो. खाली दिलेला क्रम सोपं आणि स्वस्त आधी, अवघड नंतर असा आहे. तो मोडू नका, कारण पुढची बरीचशी लक्षणं ऊब आणि पाणी या दोन पायऱ्यांवरच नाहीशी होतात.

लक्षणं

यातलं एक किंवा अनेक दिसत असेल तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे:

- पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करतात आणि सतत उंच, टोचणाऱ्या आवाजात ओरडतात. सुखात असलेल्या पिल्लांचा आवाज हलका आणि तुटक असतो. फरक एकदा कानात बसला की बाहेरच्या खोलीतूनही कळतो.
- पिल्लू डोळे मिटून पेंगतं, पंख खाली पाडतं, हातात घेतलं तर पाय थंड लागतात.
- खात नाही, पीत नाही, किंवा तुम्हाला खाताना दिसत नाही.
- मागे शीट वाळून गोळा झालेला आहे.
- पाय दोन बाजूंना फाकतात, उभं राहता येत नाही.
- शीट पातळ, फेसाळ किंवा लालसर आहे.
- चोच उघडून श्वास घेतं.

सगळ्यात आधी: हे कोंबडीचंच पिल्लू आहे ना?

यात एक पैसाही जात नाही, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळंच चुकतं. पूर्ण काळं, लोकरीसारखं, लांब बोटांचं पिल्लू ओढ्याकाठी किंवा भातखाचराजवळ सापडलं असेल तर ते बहुधा पाणकोंबडीचं आहे. माळावर किंवा शेतात सापडलेलं, लांब पायांचं, मानेला पांढरा पट्टा असलेलं आणि धोका दिसताच जमिनीला चिकटून बसणारं पिल्लू टिटवीचं असतं. लावा, तित्तर, मोर यांची पिल्लंही लोक कोंबडीची समजून उचलतात. रानाच्या कडेला राखी रानकोंबडीचीही शक्यता असते. तिची पट्टेरी तपकिरी पिल्लं गावठी पिल्लांसारखीच दिसतात, अनुभवी माणूसही फसतो.

हे सगळे पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि त्यांचं अन्नही वेगळं असतं. बऱ्याचदा त्यांचे आईबाप जवळच लपलेले असतात आणि माणूस दूर झाला की परत येतात. त्यामुळे पिल्लू रानाजवळ सापडलं असेल आणि जखमी नसेल तर जिथून उचललं तिथेच, सावलीत ठेवून लांबून लक्ष ठेवा. शंका असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते सांगतील तसं वागा.

गावठी कोंबडीचंच आहे हे नक्की झालं की त्याचं वय बघा. चोचीच्या टोकावर पांढरा, टोकदार ठिपका असेल तर पिल्लू एक-दोन दिवसांचं आहे. अंडं फोडायला वापरलेला तो दात लवकरच गळून पडतो. पंखांवर पिसांच्या काड्या दिसत असतील तर काही दिवसांचं. शेपटीला पिसं फुटत असतील तर आठवडा झाला असावा. किती ऊब लागणार आणि उपाशी किती वेळ तगणार, हे वयावरून ठरतं. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून कालच बाहेर आलेलं पिल्लू आज खात नाही याची चिंता नको. पाच दिवसांचं खात नसेल तर मात्र घाई करा.

ऊब

सर्वात जास्त पिल्लं इथे जातात, म्हणून इथे सर्वात जास्त वेळ द्या.

मोठ्या कोंबडीचं अंग साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं आणि ती ते स्वतः राखते. नव्या पिल्लाला ते जमत नाही. त्याच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. दर थोड्या वेळाने आईच्या पोटाखाली शिरून ते गरम होतं, मग बाहेर येऊन टिपतं. आई नसेल तर ते काम तुमच्या खोक्याला करावं लागतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश हवेत. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. पाच-सहा आठवड्यांत पूर्ण पिसं आली की वेगळ्या उबेची गरज संपते. तापमान भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरने मोजा. तो पिल्लं बसतात तिथे, तुसावर आडवा ठेवा. ताप बघायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही.

आता बल्बाकडे या. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो: बल्ब कुठला लावलाय? बहुतेक घरांत आता एलईडी असतात आणि लोक खोक्यावर तोच टांगतात. एलईडीचा उजेड भरपूर, पण उष्णता पिल्लापर्यंत पोहोचतच नाही. खोकं लखलखतं आणि आत पिल्लं गारठतात. तारेचा जुना पिवळा बल्ब हवा. लहान खोक्यात दोन-चार पिल्लांना ४० वॉट पुरतो, जास्त पिल्लं किंवा थंडी असेल तर ६० वॉट. हार्डवेअरच्या किंवा कोंबडीखाद्याच्या दुकानात तो अजून मिळतो. तो तुसापासून फूट-दीड फुटावर टांगा आणि उंची कमीजास्त करून तापमान जुळवा. होल्डर तारेने पक्का बांधा. नुसत्या वायरवर लोंबकळता ठेवला तर केव्हातरी तुसात पडेल आणि आग लागेल. बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका, आणि खोक्यावर झाकण घालायचं तर जाळीचंच.

खोकं लांबट घ्या आणि बल्ब एका टोकाला लावा. सगळं खोकं सारखं तापलं तर पिल्लांना थंड व्हायला जागा उरत नाही. एक टोक गरम, दुसरं निवांत असेल तर त्यांना हवी ती जागा ती स्वतः निवडतात, आणि त्यांच्या बसण्यावरून तुम्हाला थर्मामीटरपेक्षा जास्त कळतं. बल्बाखाली घट्ट ढीग म्हणजे थंडी. बल्बापासून लांब, पंख पसरून, चोच उघडी म्हणजे उकाडा. सगळी एकाच कोपऱ्यात चिकटलेली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. खोकंभर विखुरलेली, काही झोपलेली, काही टिपणारी दिसली की झालं. वारा पिल्लांच्या उंचीवर अडवा. वरून हवा खेळती राहू द्या.

ऋतूप्रमाणे डोकं चालवा. मे महिन्यात कोकणात दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर असते, तेव्हा दिवसा बल्बाची गरज नसते आणि लावला तर पिल्लं उकडून जातात. तीच पिल्लं आषाढातल्या रात्री, ओल्या हवेत गारठतात. घाटावर हिवाळ्यात पहाटेची वेळ सर्वात वाईट, म्हणून रात्री झोपताना जुळवलेलं तापमान पहाटे एकदा उठून बघा. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून आत आडवी ठेवा आणि खोक्यावर गोणपाट टाका. एका बाजूने हवेला फट ठेवा. बाटली गार झाली की ती उलट पिल्लांचीच ऊब ओढून घेते, तेव्हा पाणी बदलत राहा.

अगदी थंडगार, लुळं पडलेलं पिल्लू असेल तर त्याला काहीही पाजू नका. आधी दोन्ही हातांच्या ओंजळीत किंवा कपड्याच्या आत छातीशी धरून गरम करा. गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही आणि पचत तर नाहीच. ते हालचाल करायला लागलं, मान धरू लागलं की मगच पाणी. केवळ उबेने पिल्लू उठून उभं राहिलं तर रोग शोधत बसू नका. बल्ब, खोकं आणि वारा एवढंच दुरुस्त करा.

पाणी

पिल्लाला पाणी म्हणजे काय ते कोणीतरी दाखवावं लागतं. एरवी ते आई करते. तुम्ही पिल्लाची चोच, फक्त टोक, कोमट पाण्यात एकदा टेकवा आणि सोडा. ते मान वर करून गिळेल. पुन्हा एकदा करा. एकाला जमलं की बाकीची त्याचं बघून शिकतात.

सिरिंजने किंवा ड्रॉपरने घशात पाणी सोडू नका. पिल्लाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. जोराने सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि बरं होत आलेलं पिल्लू दोन मिनिटांत संपतं. अगदीच अशक्त असेल तर चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ते तो आत ओढून घेतं. तेवढं पुरे.

भांडं उथळ हवं. बरणीचं झाकण चालतं, पण त्यात स्वच्छ खडे घाला म्हणजे पिल्लं आत उतरून भिजणार नाहीत. भिजलेलं पिल्लू म्हणजे पुन्हा गारठलेलं पिल्लू, आणि फार लहान असेल तर बोटभर पाण्यातही बुडतं. थकलेल्या पिल्लांना पहिले काही तास गूळपाणी द्या, पेलाभर पाण्यात चमचाभर गूळ. ताकद पटकन येते. नंतर साधं पाणी. दिवसभर गूळपाणी ठेवलं तर शीट पातळ होते, भांडं आंबतं आणि पिल्लं चिकट होतात.

मागची जागा

पिल्लू उलटं करून शेपटीखाली बघा. शीट वाळून तिथे टोपण बसलं असेल तर त्याला शिटता येत नाही, आणि ते एक-दोन दिवसांत मरतं. हे बहुतेक वेळा गारठा, अति उष्णता, प्रवासाचा ताण किंवा चुकीचं खाणं यांतून होतं. म्हणूनच ही तपासणी उबेनंतर ठेवली आहे. मूळ कारण तसंच राहिलं तर तुम्ही साफ कराल आणि संध्याकाळी पुन्हा बसेल.

वाळलेला गोळा ओढून काढू नका. त्याबरोबर लव आणि कातडी सुटते, रक्त येतं आणि मग बाकीची पिल्लं तिथे टोचत राहतात. कापूस कोमट पाण्यात भिजवून त्या जागी धरून ठेवा, गोळा भिजून आपोआप सुटेपर्यंत. मग कोरडं करा, बोटभर खोबरेल लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत बल्बाखाली ठेवा. पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ बघा.

एक सावधगिरी. शेपटीखालची जागा वेगळी आणि पोटावरची बेंबी वेगळी. एक-दोन दिवसांच्या पिल्लाच्या पोटावर मध्यभागी छोटी काळसर खपली असते. ती बेंबीची आहे, तिला हात लावू नका. बेंबी ओली, लाल, फुगलेली असेल किंवा तिला वास येत असेल तर तो जंतुसंसर्ग आहे आणि घरगुती इलाज चालत नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

भीती

पोल्ट्रीतून आणलेल्या पिल्लांच्या माहितीत हे सापडणार नाही, पण मोकाट कोंबडीच्या पिल्लांत हा प्रश्न नेहमीचा आहे. आईबरोबर चार दिवस रानात काढलेलं पिल्लू माणसाला शत्रू समजायला शिकलेलं असतं. आईने "लपा" म्हटलं की लपायचं, हे त्याला येतं. तुम्ही खोक्यावर वाकता तेव्हा वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी घार. ते कोपऱ्यात दगडासारखं बसतं. तुम्ही म्हणता, खात नाही, सुस्त आहे, आजारी आहे.

तेव्हा आधी त्याला एकटं सोडा. खोक्याच्या तीन बाजू आणि बल्बापासून लांबचं अर्धं छत झाका, आत एखादी पालेभरली डहाळी किंवा आडवी फळी ठेवा म्हणजे त्याच्याखाली दडता येईल. घरातल्या मुलांना दर पाच मिनिटांनी उघडून बघू देऊ नका. मांजर असेल तर दार बंद असलेल्या खोलीतच ठेवा. खाल्लं की नाही हे रात्री कळतं: पिल्लू अलगद उचलून गळ्याखाली, छातीच्या वर बोट लावा. तिथे अन्नाची पिशवी असते. ती मऊ आणि भरलेली लागली तर पिल्लू तुमच्या पाठीमागे पोटभर खातं आहे. रिकामी, सपाट लागली तर खरंच खात नाही. सकाळपर्यंतही टणक आणि फुगलेलीच राहिली तर आत काहीतरी अडकलं आहे.

एकटं पिल्लू असेल तर त्याचा आक्रोश उबेने थांबत नाही. त्याला सोबत हवी. त्याच वयाचं दुसरं पिल्लू मिळालं तर उत्तम, पण ते निरोगी घरातलं आणि बाजारातून न आणलेलं असावं. नाहीतर निदान एक आरसा ठेवा आणि बल्बाजवळ मऊ कापडाची झालर टांगा, म्हणजे त्याला आत शिरता येईल.

खाणं

तांदळाची कणी बहुतेकजण टाकतात. पहिल्या दिवशी टिपायला शिकावं म्हणून ठीक आहे, पण नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही. त्याला या वयात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. आई त्याला वाळवी, किडे, अळ्या उकरून देते ते याचसाठी. पशुखाद्याच्या दुकानात पिल्लांचं स्टार्टर खाद्य सुटं, किलोवर मिळतं. तेच आणा. ते हाती येईपर्यंत उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून द्या, सोबत थोडी कणी किंवा बारीक भरडलेला मका. वाळवीची माती मिळाली तर फारच छान. उरलेलं ओलं खाणं दोन तासांत काढून टाका, कोकणातल्या हवेत ते लगेच आंबतं.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना देऊ नका. शेजाऱ्याकडे तेच असतं आणि तो प्रेमाने देतो. त्यात अंड्याच्या कवचासाठी पिल्लाच्या गरजेच्या तीन-चार पट कॅल्शियम घातलेलं असतं, आणि ते पिल्लाच्या मूत्रपिंडावर बसतं. दूध, पाव, बिस्किटं, मीठमसाल्याचं अन्न नको. स्टार्टरशिवाय धान्य देत असाल तर चिमूटभर बारीक स्वच्छ वाळू बाजूला ठेवा. कोंबडीला दात नसतात, दाणा वाळूच्या खड्यांनी आत दळला जातो.

पाय आणि जमीन

खोक्यात वर्तमानपत्र घातलं असेल तर आत्ताच काढा. गुळगुळीत कागदावर लहान पिल्लाचे पाय घसरतात आणि काही दिवसांत कायमचे फाकतात. दोन इंच जाड भाताचं तूस किंवा जाडसर लाकडी भुसा घाला. अगदी नवीन पिल्लं भुसाच टिपत असतील तर दोन दिवस वर सुती कापड अंथरा. पाय फाकायला नुकतेच लागले असतील तर दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर राहतील असे मऊ चिकटपट्टीने जोडा, पट्टीचा मधला भाग स्वतःवर दुमडून. दोन-चार दिवसांत बहुतेक पिल्लं सरळ चालतात. हे जितकं लवकर कराल तितकं बरं. आठवड्याने केलेलं फारसं लागू पडत नाही. बोटं आत मुडपलेली असतील तर ते जीवनसत्त्व ब-२ कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. खाद्य सुधारा आणि डॉक्टरांना विचारा.

उवा

मोकाट कोंबडीच्या पिल्लांच्या डोक्यावर आणि मानेवर उवा असतातच असं धरून चला. बॅटरीच्या उजेडात लव बाजूला करून बघा. मोठ्या कोंबडीला सहसा फारसा फरक पडत नाही, पण एवढ्याशा जिवाची ताकद आणि झोप दोन्ही जातात. रात्रीच खाजत आणि ओरडत असतील तर खोक्याच्या फटींत लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, शोधा. ते दिवसा लपतात. खोकं जाळून नवीन घ्या. गुरांचं गोचीडनाशक किंवा घरातला कीटकनाशक फवारा पिल्लांवर मारू नका, त्यानेच ती जातात. पावडर कुठली आणि किती, हे पशुवैद्यकाला विचारूनच.

ओलं तूस आणि लाल शीट

पिल्लं आठवडा-दोन आठवडे छान वाढली, आता संकट टळलं असं वाटतं, आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात अचानक पेंगायला लागतात. पिसं फुलवून बसतात, शीटेत रक्त दिसतं. हा बहुधा कॉक्सिडिओसिस असतो. एकपेशीय जंतू आतड्याच्या आवरणात वाढतात आणि ते फोडून बाहेर येतात. शीटेतून पडलेली त्यांची अंडी उबदार आणि ओल्या जागी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. खोक्यात ऊब तुम्हीच दिलेली आहे, राहिली ओल. म्हणून औषधाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व कोरड्या तुसाला.

तूस मुठीत दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर ते ओलं आहे. वाकल्यावर अमोनियाचा वास नाकाला झोंबला तर पिल्लांच्या उंचीवर तो त्याहून जास्त आहे. पाण्याच्या भांड्याखाली एक वीट ठेवा, भोवतीचं भिजलेलं तूस रोज काढा, आणि पावसाळ्यात सगळं तूस तीन-चार दिवसांनी बदला. बुरशी लागलेलं तूस कधीही वापरू नका. बुरशीचे कण फुप्फुसात रुजतात, पिल्लं आवाज न करता चोच वासून श्वास घेतात आणि त्यावर हाताशी खात्रीचं औषध नाही.

शीट बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवसातून काही वेळा पिल्लं तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट टाकतात. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांमधली असते आणि निरोगी पिल्लांचीच खूण आहे. तिला जुलाब समजू नका. खरं रक्त मात्र कळतं, आणि त्या दिवशी वाट बघू नका. कॉक्सिडिओसिसवर ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात आणि वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात. मात्रा पिल्लांच्या वजनावर आणि औषधाच्या तीव्रतेवर ठरते, ती डॉक्टरांकडून घ्या. हे औषध जंतूंना ब-१ जीवनसत्त्व मिळू न देता काम करतं, तेव्हा ते चालू असताना पाण्यात जीवनसत्त्वांचं टॉनिक घालू नका. लोक दोन्ही एकत्र देतात आणि औषधाचा गुण येत नाही.

खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी मिळाली तर

हे सर्वात अवघड, कारण वेळ जुळावी लागते; पण जुळलं तर याहून चांगलं काही नाही. वाडीत कोणाची कोंबडी खुडूक बसली असेल किंवा तिची स्वतःची लहान पिल्लं असतील तर विचारा. पिल्लं तीन-चार दिवसांच्या आतली असावीत. अंधार पडल्यावर, उजेड न करता, एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली मागून सरकवा. पहाटे, ती उठायच्या आधी, तिथे हजर राहा. तिने कुठल्या पिल्लाला टोचलं तर ते लगेच काढा. मोठी, माणसाला भ्यालेली पिल्लं सहसा तिच्याखाली राहत नाहीत. पिल्लांना उवा किंवा पातळ शीट असेल तर दुसऱ्याच्या कोंबडीखाली ती घालू नका.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

पुढच्या खुणा दिसल्या तर घरचे प्रयोग बंद करा:

- ऊब, पाणी आणि मागची जागा नीट केल्यावरही काही तासांत पिल्लू उठलं नाही.
- शीटेत रक्त, किंवा शीट पांढरी खडूसारखी आणि एकापाठोपाठ पिल्लं जात आहेत.
- हिरवी शीट, मान पिरगळणं, गोल फिरणं, पाय लुळे पडणं. ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं आहेत. त्यावर इलाज नाही, फक्त लस आहे. लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. कुपी एकदम पुष्कळ पिल्लांच्या मात्रेची येते आणि फोडली की लगेच संपवावी लागते, म्हणून चार पिल्लांसाठी ती विकत घेण्यापेक्षा गावात लसीकरण कधी आहे हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.
- मांजर किंवा कुत्र्याच्या दातांची जखम, कितीही लहान असली तरी. वरून भोक दिसतं, आत जंतू भिनतात.
- परिसरात कोंबड्या किंवा कावळे अचानक मोठ्या संख्येने मरत आहेत.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा कोंबड्या मेल्या. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कुठे नेऊ नका, पिल्लं दुसऱ्या कोणाला देऊ नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो. नमुने घेण्याचं काम त्यांचं आहे.

मेडिकलमधून माणसांचं अँटिबायोटिक आणून पाण्यात विरघळवू नका. गारठ्यावर आणि तहानेवर ते काहीच करत नाही. वरून पोटातले चांगले जंतू मारतं, आणि खरा आजार असेल तर डॉक्टरांना तो ओळखणं अवघड होतं. पिल्लं हाताळल्यावर घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. दिसायला निरोगी पिल्लाच्या शीटेतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लं तोंडाजवळ धरू देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना ताजी शीट स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. पिल्लू कधी आणि कुठे सापडलं, काय खायला दिलं, कुठलं औषध दिलं, किती गेली, हे कागदावर लिहून न्या. साथीचा संशय नसेल आणि एखादं पिल्लू नुकतंच गेलं असेल तर दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका; गोठलेल्या शरीरातून फारसं काही कळत नाही. जिवंत पिल्लू न्यायचं असेल तर छोट्या खोक्यात तूस, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि एखादं सोबतीचं पिल्लू घाला. मोटरसायकलवर खोक्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला टॉवेल बांधा आणि दवाखान्यात रांग असेल तर आत जाऊन आधी सांगा की पिल्लू आहे, थांबवता येणार नाही.